दोनशे अठ्ठ्याऐंशी आरे आणि एक हातोडा

मोठ्या काकांना जगातलं सगळं कळायचं, आणि जुन्या गाड्यांच्या चाकांमधलं तर त्याहूनही थोडं जास्त. त्यामुळे घरात बाकी कोणाला काही कळायची गरजच उरली नव्हती. केवढी सोय!

शेडमध्ये आजोबांची गाडी होती. फुगीर गालांची, गोल डोळ्यांची, वयाने बाबापेक्षा मोठी. तिची चाकं साधी लोखंडी, मधोमध चकचकीत टोपी घातलेली. पन्नास वर्षं ती तक्रार न करता फिरली. तक्रार न करणाऱ्यांचं पुढे जे होतं तेच त्यांचं झालं.

"ही चाकं आहेत की पातेल्यांची झाकणं?" काका म्हणाले. "जातिवंत गाडीला तारेचीच चाकं शोभतात."

मग जुन्या धाटणीची नवी चाकं आली. बनली होती गेल्या महिन्यात, पण जन्मतःच म्हातारी. एकेका चाकाला बहात्तर बारीक आरे आणि मधोमध दोन कानांचा मोठा नट. हा नट पान्याने आवळायचा नसतो, त्याच्या कानांवर तांब्याच्या हातोड्याने ठोकायचं. तांबं मऊ, म्हणून चकाकीवर ओरखडा उठत नाही. चारही चाकं काकांनी स्वतःच्या हाताने ठोकून बसवली.

भिंगरीचा सगळा जीव त्या हातोड्यात अडकला होता. पायाला भिंगरी म्हणून नाव भिंगरी, वय सोळा. दोन वर्षं ती शाळा सुटली की शेडमध्ये. प्लग साफ कर, तेल बदल, ब्रेकची वायर ओढ, हे सगळं ती बाबाच्या हाताखाली शिकली होती. पण काका आले की तिच्या हातातला पाना गायब व्हायचा आणि त्या जागी टूथब्रश यायचा.

"आधी हाताला वळण लागू दे," काका म्हणायचे. "मग बघू हातोड्याचं."

म्हणून तिने दोनशे अठ्ठ्याऐंशी आरे टूथब्रशने घासले. कुठल्याही दातांची इतकी सेवा आजवर झाली नसेल. पण घासणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला सगळं जवळून दिसतं. गाडीच्या उजव्या बाजूच्या नटावर तिला बारीक कोरलेलं 'एल' दिसलं. एल म्हणजे डावीकडचा. ती धावत पलीकडे गेली. तिथे 'आर'.

"काका, बाजू उलट्या झाल्यात."

"कोणाच्या?"

"चाकांच्या! दोन्ही बाजूंचे आटे वेगळे असतात. गाडी पुढे गेली की नट आपोआप आवळत जावेत म्हणून. अदलाबदल झाली तर चालता चालता सुटतील."

काका हसले. मोठी माणसं लहानांना माफ करताना हसतात तसं. मग ते गाडीच्या समोर, तिच्या तोंडाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी डावा हात पसरला. "हा माझा कोणता हात?"

"डावा."

"त्या बाजूला कोणतं चाक? हेच! मग त्याच्यावर एल नको तर काय?"

"पण गाडीची डावी-उजवी गाडीत बसून ठरते ना?"

"चाकं काय गाडीत बसून बसवतात?"

भिंगरीने बाबाकडे पाहिलं. बाबाने एकदम छताकडे पाहिलं. थोरल्या भावासमोर ब्र काढायचा नाही हा त्याचा बाणा होता, आणि बाणा कसला, सवयच. "दादा बघतोय ना," तो पुटपुटला. "शिवाय ट्रायल घेणारच आहोत."

ट्रायल झाली. म्हणजे काय झालं, तर शेडमध्ये तोंड खुपसून उभी असलेली गाडी मागे घेत घेत गल्लीच्या तोंडापर्यंत आणली आणि शेजाऱ्यांना दिसावी म्हणून तिथेच ठेवली. काकांनी नट तपासले. दगडासारखे घट्ट!

"बघ," काका दंड थोपटत म्हणाले, "हा हाताचा गुण."

आई फाटकातून म्हणाली, "मागे जाणाऱ्या गाडीचंच कौतुक करायचं असेल तर छान आहे हो."

कोणी लक्ष दिलं नाही. भिंगरीने दिलं.

रविवारी सकाळी मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. काका चालवायला, शेजारी बाबा, मागे भिंगरी आणि तिच्या बाजूला कापडात गुंडाळलेला हातोडा. त्याला बसायला मऊ उशी दिली होती, तिला नव्हती. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. काका राजासारखा हात हलवत होते.

दीडेक किलोमीटरवर आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक.

"काका, गाडी थांबवा."

"हा जुन्या गाडीचा ठेका आहे. तुमच्या पिढीला कान नाहीत."

"बाबा, तू तरी सांग!"

बाबाचे कान लाल झाले. तो दुकानांच्या पाट्या वाचू लागला.

पुढे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, आणि भिंगरीने दार उघडून थेट रस्त्यावर उडी मारली. पुढच्या उजव्या चाकाशी बसून तिने काकांच्या गुणी हाताने ठोकलेला तो नट पकडला. दोन बोटांत. फिरवला. बरणीचं झाकण निघावं तसा तो तिच्या हातात आला.

तिने तो उचलून काकांच्या खिडकीसमोर धरला.

सिग्नल हिरवा झाला. मागून भोंगे सुरू झाले. काकांच्या तोंडाचा आ झाला होता.

"दादा," बाबा अचानक म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला असावा, "आता ती सांगेल तसं करायचं."

भिंगरीने मागच्या सीटवरचा हातोडा उचलला. कापड सोडलं. हातातला नट परत चढवला आणि चारही नट ठोकून आवळले, ठण् ठण् ठण्, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असे. मग म्हणाली, "मैदान समोरच आहे. पण पुढे गेलो तर परत सुटतील. मागे गेलो तर आवळतील. तेव्हा काका, गाडी वळवा आणि रिव्हर्स टाका."

"इतक्या लोकांत? उलटं?"

"नाहीतर चाक हातात घेऊन चालत जाऊ."

आणि मग त्या जातिवंत गाडीने, तारेच्या जातिवंत चाकांवर, पार्श्वभाग पुढे करून मैदानात प्रवेश केला. काका मान मुरगळून मागे बघत चालवत होते. भिंगरी हातोडा खांद्यावर टाकून पुढे चालत, हाताने वाट करून देत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकताच काकांचा रंग परत आला आणि पहिल्या भेटलेल्या माणसाला ते म्हणाले, "पूर्वी मानाच्या गाड्या अशाच आत यायच्या."

तेवढ्यात एक म्हातारा मेकॅनिक वाकून नटावरचं अक्षर वाचू लागला. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि विचारलं, "चाकं कोणी बसवली हो?"

जगातलं सगळं कळणाऱ्या माणसाने एकदम आभाळाकडे पाहिलं.

"घरी जायच्या आधी बदलतेय मी," भिंगरी म्हणाली. "बाबा, जॅक काढ."

काकांनी सवयीने हात पुढे केला. "आण तो हातोडा."

भिंगरीने खिशात हात घातला आणि त्या पसरलेल्या तळव्यावर टूथब्रश ठेवला.

"रस्त्यावर धूळ फार होती काका. त्या कोपऱ्यातल्या चाकापासून सुरू करा."