मशीन टाका का सोडतं?

शिलाई मशीन बिघडलं की त्या भागातले लोक ते उचलून ताईच्या दुकानात आणत. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि भिंतीच्या फळ्यांवर पोट उघडून ठेवलेली मशीनं. वडिलांमागे ताईनं हे काम हातात घेतलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. बाईमाणसानं मशीन चालवावं, उघडू नये, असं त्यांचं म्हणणं. ताई कुणाशी वाद घालत बसली नाही. मशीनं नीट होऊन परत जात राहिली, तशी मुरडलेली नाकंही सरळ झाली. मदतीला काकू होत्या. त्या नात्यातल्या कुणी नव्हत्या, पण दुकानात त्यांना सगळे काकूच म्हणत. मशीन पुसणं, तेल घालणं आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवणं ही त्यांची कामं. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घाईत आलेला माणूसही घरातल्या चार भानगडी सांगूनच उठायचा.

ताईची धाकटी बहीण मात्र या तेलकट कामापासून लांब राहिली. शेंडेफळ म्हणून तिचे लाड झाले, शिक्षण झालं, आणि ती वेबसाइटच्या धंद्यात शिरली. लोक फोनवर काही शोधतात तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर यावं, आणि साइट उघडलेला माणूस वैतागून मागे न फिरता तिथे टिकावा, हे तिचं काम. त्यात ती तरबेज होती. ताईनं तिला एकदा विचारलं होतं, माझ्या दुकानाचंही असं काही करता येईल का गं? धाकटी म्हणाली, करू की, त्यात काय मोठंसं. पण घरचं काम म्हणजे केव्हाही होणारं काम, आणि केव्हाही होणारं काम कधीच होत नाही. ताईनं पुढे आणखी एकदा आठवण करून दिली आणि मग विषय सोडून दिला.

अशात शिलाई मशीनं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम धाकटीकडे चालून आलं. कंपनीनं नुकताच दुरुस्ती विभागही उघडला होता, तोही ताईच्याच भागात. ते ऐकून तिच्या मनात पाल चुकचुकली. पण मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. कंपनी नवी मशीनं विकणार, ताई जुनी दुरुस्त करणार, दोघांचे रस्ते वेगळे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि काम घेतलं.

साइटची अवस्था बघण्यासारखी होती. पान उघडेपर्यंत जांभई यावी. फोन नंबर अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. बटणं इतकी खेटून, की अंगठा एकावर ठेवावा आणि दुसरंच दाबलं जावं. धाकटीनं जड फोटो हलके केले, नंबर वर आणला, बटणं मोठी केली, मालकांच्या स्वागतपर भाषणाला घरचा रस्ता दाखवला. साइट फुलासारखी हलकी झाली, तरी वर काही येईना. येणार कशी? आत वाचण्यासारखं काही नव्हतं, नुसती स्वतःची आरती.

मग तिनं लोक शोधताना काय लिहितात ते पाहिलं. मशीन टाका का सोडतं? दोरा सारखा का तुटतो? कापडाखाली गुंता का होतो? एकेक प्रश्न वाचताना तिच्या लक्षात आलं, की याची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. लहानपणी ती दुकानात काउंटरखाली बसून गृहपाठ करायची. डोक्यावर आधी बाबांचा आणि पुढे ताईचा आवाज असायचा, गिऱ्हाइकांना समजावून सांगणारा. तो आवाज जसाच्या तसा कागदावर उतरत गेला. 'आधी सुई बघा,' तिनं लिहिलं. 'सुई हा मशीनचा सगळ्यात स्वस्त भाग, म्हणूनच तिच्याकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात.' हे वाक्य लिहून झाल्यावर तिचा हात थांबला. हे वाक्य कुणाचं आहे, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली, आणि तिनं पुढचं वाक्य लिहिलं.

लेख लोकांना फार आवडले. बघता बघता कंपनीचं नाव पहिल्या पानावर सगळ्यात वर जाऊन बसलं. प्रत्येक लेखाखाली एक भलंमोठं नारिंगी बटण होतं: 'तरीही जमत नाही? आमच्याकडे आणा.' तो नारिंगी रंगही धाकटीनंच निवडला होता. कंपनीचा मॅनेजर खूश होता. धाकटीही तेव्हा खूशच होती, खोटं कशाला बोला.

मधे बरेच दिवस गेले. एका दुपारी ती सहज ताईकडे डोकावली, तर काकूंचं स्टूल रिकामं. फळ्यांवरही दोन-तीनच मशीनं. काकू आजारी आहेत का, तिनं विचारलं. ताई म्हणाली, नाही, मीच त्यांना थांबवलं. कामच येत नाही तर त्यांना नुसतं बसवून ठेवायचं कशाला. त्यांनाच ते खायला लागलं होतं, पुसलेलं मशीन पुन्हा पुसत बसायच्या. लोक आता त्या मोठ्या कंपनीकडे जातात. तिथे त्यांना सांगतात, की जुन्या मशीनचे भाग मिळत नाहीत, नवंच घ्या. ज्यांचं मशीन एका स्क्रूनं सुरू झालं असतं त्यांनीही ते भंगारात दिलं. हे सगळं ताईनं कुणावरही आळ न घेता सांगितलं, आज ऊन जास्त आहे म्हणावं तसं.

मग काहीतरी आठवून तिनं फोन काढला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पण एक मानलं पाहिजे हं. लिहिलंय किती सुरेख! हे वाच. बाबाच बोलताहेत असं वाटतं. कुणाचा फोन आला, की मीच सांगते, आधी हे वाचा, घरच्या घरी सुटलं तर बरंच."

धाकटीनं फोन हातात घेतला. स्वतःच लिहिलेल्या ओळींवरून तिनं नजर फिरवली, छान आहे म्हणाली, आणि काम आठवल्याचं सांगून उठली.

त्यानंतर तिला काही गोड लागेना. दुसऱ्या कुणाची साइट उघडून बसली, तरी डोळ्यांपुढे ते स्टूल यायचं. शेवटी ती मॅनेजरकडे गेली आणि लेख काढून टाकूया म्हणाली. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला बसवलं आणि शांतपणे समजावलं, की लेख आता कंपनीचे आहेत आणि त्यांच्यामुळेच तर माणसं दारात येतात. दुरुस्तीत आम्हाला रस नाही, तो म्हणाला, पण बिघडलेलं मशीन घेऊन आलेला माणूस म्हणजे नवं मशीन घेणारा माणूस. हे तुम्हाला मी काय सांगणार, मॅडम, तुम्हीच तर त्याला आमच्यापर्यंत आणलंत. ती उठून बाहेर पडली. तिनं कंपनीचं काम सोडलं. लेख होते तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकान उघडत होती, तेवढ्यात धाकटी तिच्या मागोमाग आत शिरली. आडवळणानं सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण ताईला समोर बघितल्यावर वळणं आठवेनात.

"ताई, ते लेख मी लिहिलेत. त्या कंपनीची साइट मीच वर आणली."

ताईनं हातातल्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. तिनं वर पाहिलं नाही. "तुला माहीत होतं? लिहिताना, हे आपल्या घरातलं आहे म्हणून?"

"हो."

"आणि ती कंपनी इथे, आपल्याच भागात आहे म्हणून?"

"हो."

रस्त्यावरून एक गाडी गेली, काउंटरची काच थरथरली, थांबली.

"मी तुला दोनदा म्हटलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. "आता जा तू. मला काम आहे."

टेबलावर एकही मशीन नव्हतं. धाकटी गेली.

पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ताई तिला ये म्हणायची नाही, जाही म्हणायची नाही. धाकटी फळ्या झाडायची, स्क्रू आकारांप्रमाणे वेगळे करायची, काकूंनी केलं असतं त्याच्या निम्मंही धड करायची नाही. चुकीचे स्क्रू ताई मुकाट्यानं उचलून योग्य डब्यात टाकायची. माफी मागायला धाकटी रोज तोंड उघडायची आणि रोज 'झाडू कुठे आहे' असलं काहीतरी विचारून मिटायची.

एकदा ती तिथे असतानाच फोन वाजला. पलीकडे कुणी बाई होत्या. मशीन कसंतरीच करतंय, एवढंच त्यांना सांगता येत होतं. ताईनं विचारलं, आवाज कसा येतोय? खटखट, की खरखर? बाईंना तेही सांगता येईना. मग ताई म्हणाली, फोन मशीनजवळ धरा आणि चालवा बघू. फोनमधून घरघर ऐकू आली. ताई डोळे मिटून ऐकत राहिली, मग म्हणाली, खाली दोऱ्याची बॉबिन बसते ना, तिथे तुटलेला दोरा अडकलाय, चिमट्यानं काढा. थोड्या वेळानं बाईंचा पुन्हा फोन आला, की मशीन चालू झालं.

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना भागांची नावं माहीत नसतात, शब्द सुचत नाहीत. त्यांच्याकडे असतो फक्त आवाज. तिनं घाबरत घाबरत ताईला विचारलं, की साइटवर आपण आवाजच ठेवले तर? माणसानं एकेक ऐकावा, आपल्या मशीनसारखा वाटला तो दाबावा, आणि पुढे ताईनं सांगावं काय झालंय ते.

ताईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठून तिनं फळीवरचं एक चांगलं चालणारं मशीन खाली घेतलं. "म्हणजे आता चांगली मशीनं बिघडवत बसायचं. हे एक राहिलंच होतं आयुष्यात."

ती हसली नव्हती, पण इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच कामाव्यतिरिक्त काही बोलली होती. मग दोघी दार लावून मशीनं बिघडवू लागल्या. ताई सुई वाकडी बसवायची, पट्टा सैल करायची, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली चिंधी कोंबायची, आणि धाकटी फोनवर आवाज टिपायची. साइट साधीच झाली. वर ताईचा नंबर, खाली आवाजांची मोठी बटणं, आणि प्रत्येक आवाजापुढे ताईचा स्वतःचा आवाज. नारिंगी रंग धाकटीनं कुठेच वापरला नाही.

माणसं हळूहळू येऊ लागली. काही तर ते आवाज ऐकायची गंमत म्हणून साइटवर यायची आणि मग माळ्यावरचं मशीन खाली काढायची. फळ्या पुन्हा भरल्या, पूर्वीइतक्या नाहीत, पण दिवस सरेल इतक्या. 'मशीन टाका का सोडतं' असं शोधलं तर अजूनही कंपनीच वर होती. धाकटीनं आपलं सगळं कसब पणाला लावलं, पण तिनं स्वतः इतकी भक्कम बांधलेली भिंत तिलाच ओलांडता येईना.

फळ्या भरल्या तसं तिला काकूंना परत आणावंसं वाटलं. शोधत गेली तेव्हा काकू एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना सापडल्या. भोवती यंत्रांची धडधड एवढी, की तिला सगळं ओरडून सांगावं लागलं: लेख, कंपनी, सगळं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागणं ही एक वेगळीच शिक्षा होती. काकूंनी हातातली घडी पुरी केली आणि तिला बाहेर ओट्यावर आणलं.

"परत नाही गं येत आता," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा काम आटलं, तर या वयात तिसरीकडे कुठे जाऊ? इथे बोलायला कुणी नाही, बोललं तरी ऐकू येत नाही. पण टिकेल." त्यांनी घामेजलेली बोटं पदराला पुसली. "ताईला सांग, मी रागावलेली नाही. तुला काय सांगू, ते मात्र मला कळत नाही बघ."

धाकटीनं त्यांचा निरोप ताईला पोचवला, शेवटच्या वाक्यासकट. ताई फक्त ऐकून घेऊन कामाला लागली.

पुढे एका सकाळी एक शिंपी मशीन घेऊन आला. भारी हुशार माणूस. येतानाच दोष सांगत आला. सुई बदलून पाहिली, दोऱ्याचा ताण पाहिला, दात साफ केले, सगळं त्या कंपनीच्या साइटवर वाचून. तिथल्या लोकांना काही जमलं नाही, नवं घ्या म्हणाले, म्हणून इथे आलो. पण लिहिणारा जाणकार आहे हं, तो ताईला म्हणाला, त्यालाच गाठायला पाहिजे होतं.

ताईनं मशीनचं झाकण काढलं, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि मान न वळवता मागे बोट दाखवलं. "ही काय. हिनंच लिहिलंय ते. माझी बहीण."

शिंप्यानं धाकटीकडे कौतुकानं पाहिलं आणि नमस्कार केला. ताईच्या आवाजात अभिमान होता की आणखी काही, ते धाकटीला ओळखता आलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. तिनं शिंप्याला कसाबसा उलट नमस्कार केला. तोवर ताईनं हात मागे पसरला होता. धाकटीनं त्यावर पेचकस ठेवला. तो चुकीचा निघाला, म्हणून मग ती दुसरा शोधू लागली.