सरकारी परातीतलं पाणी

भर मे महिन्यात, लू अंगाची सालटी काढत असताना, गुमानारामच्या परातीतलं पाणी आटायच्या ऐवजी वाढायला लागलं.

परात म्हणजे कणीक मळायची नव्हे. जैसलमेरकडच्या सरकारी शेतीफार्मावर, तारेच्या कुंपणात, लाकडी चौकटीवर ठेवलेली बैलगाडीच्या चाकाएवढी पत्र्याची गोल परात. पाखरांनी तोंड घालू नये म्हणून वर जाळी, आत पाण्यात उभा एक टोकदार काटा. रोज सकाळी बघायचं, पाणी काट्याच्या टोकाखाली किती उतरलं. मग मापाच्या नळकांड्याने टोकापर्यंत भरायचं. जेवढं भरावं लागलं तेवढं उन्हाने प्यायलं. तो आकडा जोधपूरच्या कचेरीला कळवला की झालं. गुमानाराम हे काम देवपूजेसारखं करायचा.

आणि आता काटाच पाण्यात बुडालेला! शेजारचं पर्जन्यमापक तर ठणठणीत कोरडं. पहिल्या दिवशी त्याने मेंढपाळांच्या पोरांना मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खेजडीच्या झाडाआड दबा धरून बसला. चोर आला तो त्याच्याच क्वार्टरमधून. कमरेवर घडा, कपाळावरून छातीपर्यंत ओढलेली ओढणी. त्याची बायको, धापू.

आई-बापांना मुलीच मुली झाल्या, तेव्हा शेवटचीचं नाव त्यांनी धापू ठेवलं. धापू म्हणजे पोट भरलं, देवा, आता पुरे. या बाईने मात्र जन्मभर तहानलेल्या कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. अलीकडे तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी भाजीतलं मीठ गेलं, मग सुरतेला राहणाऱ्या मुलाचं नाव गेलं, मग नवरा गेला. म्हणजे गुमानाराम समोर धडधाकट उभा होता, पण म्हातारपणी तो हुबेहूब आपल्या बापासारखा दिसायला लागला होता, आणि धापू मनाने नुकती सासरी आलेली नवरी झाली होती. सासऱ्याला, म्हणजे बाबोसांना, तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही तिकडची रीत. मग नवऱ्यासमोर जो घुंगट ओढला गेला, तो वर झालाच नाही. सगळा संसार जिच्याबरोबर केला, तिचं तोंड गुमानारामला ती झोपल्यावर चोरून बघावं लागे.

धापूने जाळीवरून घडा ओतला आणि कुंपणाच्या खांबाला म्हणाली, "खांबा, बाबोसांना सांग, पाणी भरलंय. सासूबाई म्हणतात, पाण्याचं भांडं अर्धं दिसलं की घराची अब्रू गेली. मी नाही जाऊ दिली."

गुमानाराम रागावायला म्हणून उठला होता. पण तोंडून निघालं, "खांबा, बींदणीला सांग, बाबोसा खूश आहेत. अशी सून मिळायला नशीब लागतं."

घुंगटाआड ती खुदकन हसली. ते हसू त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. खड्ड्यात गेला आकडा, त्याने मनाशी म्हटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी सासरा आणि सून खांबाला मध्ये घालून चार शब्द बोलू लागली, आणि जोधपूरला अंदाजपंचे आकडे जाऊ लागले.

असली चोरी किती दिवस पचणार? जोधपूरच्या कचेरीतले माथुरसाहेब स्वतः जीप घेऊन हजर झाले.

"काय गुमानारामजी, तुमच्याकडे वारा पडला काय आणि सुटला काय, आकडा हलत नाही. सूर्याला पगार चालू केलात की काय?"

गुमानारामने सगळं खरं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. डोक्यावरची टोपी काढून त्याने परातीकडे बोट दाखवलं.

"या आकड्यांवर लोक पिकाला पाणी किती द्यायचं ते ठरवतात. फाटकाला कुलूप लावा. नाहीतर मला इथे दुसरा माणूस बसवावा लागेल, आणि क्वार्टर त्याला जाईल."

"साहेब, सुरतेला मुलाच्या खोलीत ती वेडी होईल हो. इथल्या भिंती तरी तिला ओळखतात."

"म्हणूनच म्हणतो, कुलूप लावा."

त्याने लावलं. तिचं घर वाचावं म्हणूनच लावलं.

दुसऱ्या दिवशी तो आत माप घेत होता आणि बाहेर धापू फाटक हलवत होती. आधी हळू, मग दोन्ही हातांनी. "खांबा, बाबोसांना सांग, मी उशिरा उठले नाही. दार उघडत नाहीये. सासूबाई मारतील मला." घडा हिंदकळून ओढणी भिजली. ती लहान पोरीसारखी रडायला लागली. किल्ली गुमानारामच्या खिशातच होती. त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्याने काटा बघितला, पाणी मोजून भरलं. आकडा अचूक आला. जोधपूरहून 'शाबास' आली.

त्यानंतरच्या सकाळी फाटकाशी येऊन ती नुसती उभी राहिली. खांबाशीही बोलली नाही.

पुढच्या सकाळी ती आलीच नाही. नोकरी गेली चुलीत, म्हणत गुमानारामने कुलूप उघडलं, फाटक सताड ढकललं आणि घराकडे धावत सुटला. धापू ओसरीवर बसली होती. घुंगट नव्हता. पांढरे केस, गालावरचं गोंदण, सगळं तोंड सकाळच्या उजेडात उघडं. एवढ्या दिवसांनी ती सरळ त्याच्याकडे बघत होती. ओळखलं हिने, ओळखलं!

"धापू," तो तिच्यापुढे खाली बसला, "मी गं."

ती बघत राहिली. डोळ्यांत लाज नव्हती, धाक नव्हता, कुणीच नव्हतं.

त्याने घाईघाईने घडा तिच्या हातात दिला. "बींदणी, चल, पाणी भरायचंय ना? बाबोसा वाट बघताहेत. फाटक उघडलंय, बघ तरी." तिने घडा इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. गुमानारामला तेव्हा कळलं की तिच्याजवळ उरलेली शेवटची गोष्ट त्यानेच स्वतःच्या हाताने कुलूप घालून घालवली होती. नवरा म्हणून तर तो आधीच गेला होता. आता सासराही राहिला नाही.

ऊन ओसरीवर चढलं, तेव्हा धापूने वाटेवरच्या परक्या माणसाला विचारावं तसं त्याला विचारलं, "भाऊ, घोटभर पाणी मिळेल का?"