अर्धशिशीचा मान

गेल्या सालच्या शिमग्यात मी मळ्यात पुरलेला नारळ शोधून काढला, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसते आणि एक दिवस मळ्यात खूण काढतात. आदल्या दिवशी दोन माणसं गुपचूप जाऊन कुठेतरी नारळ पुरून येतात. कुठे पुरला ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी भोई पालखी खांद्यावर घेऊन मळाभर फिरतात, ढोल वाजत असतात, आणि पालखी जिथे वाकेल तिथे खणायचं. पुढच्या दांड्याला डावीकडे आमच्या घराचा मान. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. एरवी मी मिरजोळ्याला एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि तिथे मला मानबिन काही नाही.

तर त्या दिवशी उपास होता, पोटात सकाळपासून फक्त चहा, आणि ऊन असं की कापून टाकलेल्या भाताचे खुंटसुद्धा चमकत होते. आधी डोळ्यापुढे एक ठिपका आला. वाटलं, ढोलाच्या कडीवरून ऊन परावर्तित झालं असेल. पण ठिपका जाईना. तो वाढत गेला, त्याला करवतीसारखे दाते फुटले, आणि ते दाते थरथरत, झगझगत डावीकडे सरकायला लागले. मधल्या भागात काहीच नव्हतं. काळं नव्हे, नुसतं नाहीच. पालखीकडे तोंड करून, हात जोडून उलट्या पावली चालणारे आमचे मानकरी धोंडूकाका, त्यांची टोपी दिसत होती आणि टोपीखाली तोंड नव्हतं. मी जाम घाबरलो. समोरचा बांध दिसेना म्हणून पाय डावीकडे टाकला, गुडघा वाकला, पालखी कलली. खणलं तर वीतभर खाली नारळ.

मग जे काय झालं ते विचारू नका. बायका पाया पडल्या. मी काजूच्या झाडामागे जाऊन भडाभडा ओकलो, तर म्हणाले, देवीचा भार सोसला नाही पोराला. पोर म्हणजे मी, वय चौतीस.

चूक माझीच. मी आईला सांगितलं की मला उजेड दिसला. आमच्या आईच्या कानात पडलं की वाडीच्या कानात पडलं. संध्याकाळपर्यंत सर्वेशच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यात देवी आली हे पक्कं झालं. त्यानंतर मी गावी गेलो की कोणी ना कोणी ओटीवर बसलेलंच. कोणाची म्हैस हरवलेली, कोणाला बोअरवेलची जागा हवी. एकाने तर मुलाच्या लग्नाचं विचारलं. मी नाही नाही म्हणायचो, पण खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. आठ तास लोखंड कातणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

पावसाळ्यापर्यंत ते महिन्यातून चारदा व्हायला लागलं, आणि एकदा कारखान्यातच झालं. मशीनवरचा आकडा वाचत होतो आणि त्यातले शेवटचे दोन अंक नाहीसे झाले. मी अंदाजाने हात घातला. टूल तुटलं, तुकडा कानाजवळून गेला. सुपरवायझरने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

रत्नागिरीतल्या डॉक्टरबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. मी चाचरत सांगायला लागलो तर त्यांनी पॅड ओढलं आणि माझी करवत काढून दाखवली. तशीच कमानदार, तेच दाते, मधे तीच रिकामी जागा. अशीच का, म्हणाल्या. ही अर्धशिशी. डोळ्यांत दोष नाही. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे आपलं दिसणं तयार होतं, तिथून एक लाट हळूहळू सरकत जाते. लाटेच्या तोंडाशी उजेड, मागे भोक. वीस-पंचवीस मिनिटांत ती ओसरते आणि मग डोकं धरतं. कोणाचं धरतही नाही. उपाशी राहू नका, झोप मोडू नका, पाणी प्या, कधी आली त्याची वहीत नोंद करा. आणि सुरू झाली की हातातलं काम टाकून खाली बसा. हात बधिर पडला, बोलणं अडखळलं किंवा नेहमीपेक्षा काही वेगळं वाटलं तर वाट बघत न बसता दवाखान्यात या. घरात अजून कोणाला आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं, कोणालाच नाही.

बाहेर येऊन मी स्कूटरवर नुसता बसून राहिलो. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला राग आला. देवीने मला एकट्याला दाखवलेली गोष्ट त्या बाईंच्या पॅडवर होती आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी ते पान फाडलंसुद्धा.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याला चार वेळा येणारी करवत दोन महिन्यांतून एकदा यायला लागली. आता आली की मी मशीन बंद करतो, बाकावर बसतो, सगळे समजून घेतात. घरी फक्त योगिनीला, बायकोला, खरं माहीत. गावी मात्र मी गप्प. जावं की न जावं, सांगावं की नको, हेच डोक्यात फिरत राहायचं. गणपतीला गेलो, बोललो नाही. दिवाळीला गेलो, तेव्हाही नाही. शिमगा तोंडावर आला तशी माझी झोपच उडाली, आणि झोप मोडायची नाही असं तर बाईंनी बजावलेलं.

शिमग्याला आम्ही तिघं गावी गेलो. खुणेच्या आदल्या दिवशी सकाळी माझी मुलगी सानवी ओटीवर गणितं सोडवत होती. नऊ वर्षांची आहे. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचा एक डोळा कुठे गेला?"

मी तिला जवळ घेतलं. विचारलं, अजून काय दिसतं? म्हणाली, चमचमतंय, नागमोडी आहे, वही पण अर्धी आहे. मी तिला आतल्या खोलीत अंधारात निजवलं, योगिनीला तिच्यापाशी बसवलं. वळून बघतो तर दारात आई. तिने सगळं ऐकलं होतं. तिने देवापुढचा अंगारा आणला, पोरीच्या कपाळाला लावला, आणि पदर खोचून जी बाहेर पडली ती थेट धोंडूकाकांच्या अंगणात.

दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. उद्या सानवीने पालखीच्या पुढे चालायचं. बापाच्या डोळ्यातली देवी लेकीत उतरली आहे, तर लेकच खूण दाखवेल. पोरीने सकाळपासून काही खायचं नाही.

मी आईला मागच्या पडवीत गाठलं. इतक्या वर्षांत तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. म्हटलं, पोर आजारी आहे, उपाशी उन्हात चालवलीस तर उद्या तिथेच पडेल. आणि एकदा हिला देवी म्हटलं की जन्मभर हिच्या डोळ्यांत लोक म्हशी शोधत बसतील. माझ्या आजाराचंही सगळं सांगून टाकलं, गोळ्या दाखवल्या. आईने गोळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"आजार म्हणू नको," ती म्हणाली. "काय पण म्हण, पोरीला आजार हाय म्हणू नको."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मला वाटलं, मानाची हाव सुटली आहे म्हातारीला.

दुसऱ्या दिवशी सानवीला मी सकाळीच भाकरी खायला घातली आणि घरी योगिनीपाशी ठेवली. मळ्यात एकटा गेलो. पालखी उठायच्या आधी धोंडूकाकांनी पोर कुठे म्हणून विचारलं. सगळी वाडी बघत होती. मी पुढे होऊन बोललो.

"काका, गेल्या साली मला देवीने काय दाखवलं नाही. मला अर्धशिशी आहे. तिच्यात असा उजेड दिसतो. माझ्या मुलीलाही तीच आहे. ती येणार नाही, आणि मीही खांदा देणार नाही."

ढोलवाले हात थांबवून उभे राहिले. धोंडूकाका म्हणाले, "मग नारळ कसा निघाला?"

ते मला ठाऊक नाही, मी म्हटलं, आणि खरंच ठाऊक नाही. काकांनी मान हलवली. माझ्या जागी चुलतभावाला उभं केलं. पालखी उठली. मी बांधावर उभा राहिलो. दोन तास फिरून शेवटी एका कोपऱ्यात पालखी वाकली आणि नारळ निघाला. देवीचं माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं. मी हात जोडले, आणि थोडं लागलंही मनाला.

पण परत येताना मागच्या बायकांमधलं एक वाक्य कानावर आलं. यांच्या घरात डोक्याचं हाय म्हणजे, पोरीच्या लग्नाला बघा आता. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या आधी पोहोचलं होतं.

आई मागच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडत नव्हती, नुसतेच हलवत होती. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तिने बस म्हटलं. सानवी तिच्या मांडीला टेकून बसली होती.

"मी चौदा वर्साची व्हते," आई म्हणाली. "मायेराला. मला असंच दिसलं नि मी बोलून बसले. भूत लागलं म्हणाले. मिरच्यांची धुरी दिली. मग भगतानं पाठीला डाग दिला. ल्हान पोर सांगते म्हणून कोनी ऐकलं न्हाय. तुला देवी म्हनले तवा मी देवीच्या नावानं साखर वाटली रे. देवी म्हटलं का कोन हात लावीत न्हाय."

त्या पाठीला सणासुदीला मी उटणं लावलेलं आहे. तिच्यावरचा काळा डाग मी बघितलेला आहे आणि कधी विचारलेलं नाही. आदल्या दिवशी मी या बाईला हावरट ठरवलं होतं.

"मग गेली ती?" मी विचारलं.

आईने सुपातले तांदूळ तळहाताने सपाट केले. बोटाने त्यात एक रेघ काढली, वळणाची, दात्यादात्यांची. हात जराही अडखळला नाही.

"परवा पन आलेली," ती म्हणाली. "ही अशी."

सानवी वाकून बघत राहिली. मग तिने आपलं बोट तांदळात घातलं आणि शेजारी दुसरी रेघ काढली. "आजी, माझी इकडून सुरू होते," म्हणाली. "मग डोकं दुखतं. काल मी झोपले तर गेलं."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "माझं दोन दीस ऱ्हायचं," ती म्हणाली. "पन निजायचं असतं, ते मला कोन बोललंच न्हाय."