तात्पुरती बंद

"निळा की पिवळा?" व्हिसावाल्याने दोन्ही कागद असे पुढे सरकवले, जणू समोरचा माणूस पडद्याचे कापड निवडायला आला आहे.

व्हिसावाल्याला सगळे 'दोन मिनिटं' म्हणत, कारण येईल त्याला तो तेवढेच थांबायला सांगे. लोक येताना डबा घेऊनच येत. समोर बसलेल्या लिफ्टवाल्याचा डबा खाऊन झाला होता.

"निळा नऊ महिन्यांचा. हॉटेलांच्या लिफ्ट बघायच्या, एकच कंपनी, एकट्यानं जायचं, मुदत संपली की परत. पिवळा दोन वर्षांचा, पुढे वाढतो. शिवाय बायकोला नेता येतं."

"आणि वडलांना?"

"वडील रकान्यात बसत नाहीत."

वडील कशातच बसत नाहीत, हे लिफ्टवाल्याला लहानपणापासून ठाऊक होते.

"मला विचाराल तर पिवळा," दोन मिनिटं म्हणाला. "अहो, नऊ महिन्यांत होतं काय?"

"अख्खं माणूस होतं," लिफ्टवाला म्हणाला आणि दोन्ही कागद घेऊन उठला. उत्तर सोमवारी द्यायचे होते.

घरी जायला चार मजले चढावे लागत. निम्म्या गावाच्या लिफ्ट दुरुस्तीला त्याच्या हाताखालून जात आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट सहा वर्षे बंद होती. दिव्याखाली अंधार असतो, हे खरे. पण इथे दिव्याने अंधारावर स्वतःच्या हाताने पाटीही लावली होती: 'लिफ्ट तात्पूरती बंद आहे'. आधी सुटा भाग मिळेना. तो मिळाला तेव्हा पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हाला लिफ्ट हवीच कशाला. त्यांचे मन वळले तोवर लिफ्टवाल्याला वेळ नव्हता. मग पाटीची सगळ्यांनाच सवय झाली.

सवय झाली नाही ती फक्त अप्पांना. अप्पा म्हणजे त्याचे वडील. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासून निवृत्त झालेले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, ते खाली उतरले नव्हते. खिडकीशी बसून हाती लागेल तो कागद लाल पेन्सिलीने तपासत. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा त्यातून सुटत नसे.

त्यांनी दोन्ही कागद मागून घेतले. बायको टेबलाशी बालवाडीसाठी कागदी फुले कापत होती.

"पिवळाच घे," अप्पा मान वर न करता म्हणाले. "माझं काय, आज आहे, उद्या नाही."

"हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकतेय," सून म्हणाली. "पिवळ्यात मी कोण आहे, ते वाचा आधी."

"'अवलंबित व्यक्ती. काम करण्यास मनाई.'"

"बावीस पोरांच्या बुटांच्या नाड्या रोज मी बांधते, आणि अवलंबित मीच?" ती हसली, पण कात्री थांबली. मग ती नवऱ्याकडे वळली. "असू दे. तुमच्या मनात पिवळा असेल तर येते मी. बालवाडीला दुसरी बाई मिळेल."

"माझ्या मनात कुठे? मला वाटलं, तुझ्या मनात आहे."

"मी कधी म्हटलं?"

"तो जाड स्वेटर आणलास की."

"अहो, तो तुमच्यासाठी आहे. बाह्या तरी बघितल्यात का?"

त्याने बाह्या बघितल्या नव्हत्या. अप्पांची पेन्सिल चालूच होती.

"'तात्पुरता कामगार' असं लिहिलंय," अप्पा म्हणाले. "म्हणजे किती तात्पुरता? खालच्या पाटीइतका?"

अप्पांनी आता मान वर केली.

"त्या पाटीवर तू पू दीर्घ काढलायस. मी शेवटचा वर चढलो तेव्हा नुकतीच लावली होतीस; तीन वर्षं माझ्या डोक्यात सलतोय तो. खाली जाता आलं असतं तर कधीच सुधारला असता." त्यांनी पिवळा कागद बाजूला सारला. "यात अकरा चुका. मुदत वाढवायला निघालेत आणि 'मुदतवाढ' धड लिहिता येत नाही. निळ्यातही चुका आहेत, पण 'परत येणे बंधनकारक', एवढं वाक्य शुद्ध आहे." ते खिडकीबाहेर बघू लागले. "शुद्ध असेल ते घ्यावं माणसानं."

अडकलेल्या लिफ्टचे दार उघडले की आतली माणसे आरडाओरडा करत नाहीत. कपडे सारखे करतात आणि काही घडलेच नव्हते, असा चेहरा करून बाहेर पडतात. लिफ्टवाल्याने हे शेकडो वेळा पाहिले होते. आता तिघांनीही तेच केले. बायकोने पदर सारखा केला आणि फुले कापायला घेतली. अप्पांनी पेन्सिलीला टोक केले. त्याने स्वेटर घालून पाहिला. बाह्या बरोबर होत्या.

निळा व्हिसा आला. उरलेले दोन रविवार लिफ्टवाला इमारतीच्या लिफ्टमध्ये डोके घालून बसला. आधी मिळालेला भाग एव्हाना गंजला होता; दुसरा त्याने पाडायला काढलेल्या एका इमारतीतून मिळवला.

"आत्ताच बरी सवड झाली," पहिल्या मजल्यावरचे म्हणाले.

"परदेशी जायचंय ना," लिफ्टवाला म्हणाला. "आता अजिबातच वेळ नाही."

निघायच्या सकाळी त्याने पाटी उतरवली. मागे भिंतीचा मूळ रंग चौकोनात तसाच राहिला होता. बायको बॅगा घेऊन गाडीशी उभी होती. एवढ्यात लिफ्ट खाली आली आणि आतून अप्पा बाहेर पडले. इस्त्रीचा शर्ट, तीन वर्षांत पायात न घातलेले बूट. त्यांनी रस्त्याकडे पाहिले नाही, गाडीकडे पाहिले नाही.

"पाटी दे."

पाटी भिंतीला टेकवून त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली, दीर्घ खोडला, ऱ्हस्व काढला आणि जरा मागे सरून पुन्हा वाचली.

"अप्पा, आता लिफ्ट चालू आहे."

"मग? चालू आहे म्हणून चूक ठेवायची?" त्यांनी पाटी मुलाच्या हातात दिली. "नीट ठेव. मी वर जातो." मुलाचा चेहरा पाहून त्यांनी पुढे जोडले, "चौथ्या मजल्यावर."

दार बंद झाले. दारावरचे आकडे उजळू लागले. एक. दोन. तीन. तीन आणि चारच्या मध्ये ही लिफ्ट पूर्वी अडत असे. बायकोने गाडीजवळून हाक मारली. लिफ्टवाल्याने हात वर करून तिला थांबायला सांगितले.

चार.

वर दार सरकल्याचा आवाज आला, मग बुटांचा. तेव्हा कुठे त्याने पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तो गाडीकडे निघाला.