घरचा पंच

"पंचच घरचे म्हटल्यावर निकालाची उत्सुकता ती काय राहायची!" हेमाबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या. म्हणाल्या हळूच, पण हेमाबाईंचं हळूच आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातं. ते मैदानाच्या मधल्या पाटीशेजारी उभ्या असलेल्या सत्यशीलाबाईंना ऐकू आलं नसतं तरच नवल.

सत्यशीलाबाईंनी ऐकलं आणि शिट्टी ओठांत धरली. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या त्या शाळेत आंतरवर्गीय खो-खोचा अंतिम सामना चालू होता, आठवी ब विरुद्ध नववी क. पंच म्हणून एरवी चेतन सर असायचे. त्यांना सरकारने घरं मोजायला पाठवलं होतं, म्हणून शिट्टी बाईंच्या गळ्यात आली. आणि नववी कची शेवटची पळणारी मुलगी होती सलोनी. बाईंची एकुलती एक लेक.

आता या मायलेकींची एक रीत होती, ती सांगायला हवी. सलोनी पाचवीत या शाळेत आली त्या दिवशी बाईंनी तिला बजावलं होतं, "फाटकाच्या आत मी आई नाही. सगळ्यांची बाई, तशी तुझीही बाई." पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की गुडघा फुटला तरी रडत रडत "बाई, लागलं" असंच म्हणायची. रोज सकाळी स्कूटरवरून ती शाळेअलीकडच्या पिठाच्या गिरणीपाशी उतरायची. उतरताना "येते गं आई" म्हणायची आणि तिथून चालत जायची. संध्याकाळी त्याच गिरणीपाशी मागे बसली, की पहिलं वाक्य ठरलेलं, "आई, काहीतरी खायला दे ना गं." मधला सगळा वेळ बाई.

बाईंच्या या कडकपणाला कारण होतं. लोणी काळभोरच्या शाळेत असताना त्यांची जिल्ह्याच्या संघातली जागा प्रशिक्षकांच्या भाचीला गेली होती. आपल्या ओव्हाळांच्या पोरीला न्याय कोण देणार, म्हणून वडील गप्प बसले. ती चीड बाईंनी पोटात सांभाळून ठेवली होती. आपल्या हातून असं कधी व्हायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलेलं.

आणि आज नेमकं जे पणाला लागलं होतं ते सलोनीचं होतं. या सामन्यावरून शाळेचा संघ निवडायचा होता. एकच जागा उरली होती. सलोनी वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत टिकली, तर ढालही नववी कची आणि ती जागाही तिची. सापडली, तर दोन्ही गेलं. गेलं वर्षभर पोरगी पहाटे उठून तळजाईच्या टेकडीवर धावत होती, ते याच दिवसासाठी.

"सलोनी, खांब! खांब!" नववीच्या मुली ओरडत होत्या.

आठवीच्या चैतालीला खो मिळाला. ही चैताली म्हणजे विजेची पोर. ती खांबाकडे झेपावली आणि खांबाला एक हात घालून, दुसरा लांबवत तिने सलोनीच्या पाठीकडे सूर मारला. सलोनीने कंबरेतून असा काही झोका दिला, की चैतालीची बोटं रिकाम्या हवेतून गेली. बाई दोन पावलांवर होत्या. बोटं आणि पाठ यांच्यामधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

"आऊट! आऊट!" अख्खी आठवी उभी राहिली. हेमाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि बाईंकडे बघत राहिल्या, 'बघू आता काय करता' अशा नजरेने.

बाईंनी शिट्टी फुंकली. हात वर गेला. सलोनी बाद.

सलोनी थांबली. धापा टाकत तिने आईकडे पाहिलं. वाद घातला नाही, पंचाशी वाद घालायचा नाही हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. ती मान खाली घालून मैदानाबाहेर गेली. आठवीने चैतालीला खांद्यावर घेतलं.

"कमाल आहे हं तुमची," हेमाबाई जवळ येऊन म्हणाल्या. "पोटच्या पोरीला बाद द्यायला काळीज लागतं." यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

ढाल देऊन झाली, मैदान रिकामं झालं, तेव्हा चैताली आली. बुटाने माती उकरत उभी राहिली.

"बाई, माझा हात लागलाच नव्हता."

खरं तर देवाने दिलेली संधी होती ती. हो म्हणायचं, मुख्याध्यापकांकडे जायचं, सामना परत खेळवायचा. पण मग हेमाबाई काय म्हणतील? लेकीने रडून दाखवलं, म्हणतील.

"पंचाचा निर्णय अंतिम असतो," बाई म्हणाल्या. "घरी जा. अभिनंदन."

गिरणीपाशी सलोनी स्कूटरवर बसली. बाई वाट बघत राहिल्या. मार्केट यार्डाचा चौक गेला, सिग्नल गेले, घर आलं, मागून खायला कोणी मागितलं नाही.

घरी समाधान, सलोनीचे बाबा, कात्रजच्या डेअरीतून नुकतेच आले होते. "काय मग, ढाल कुठंय?"

"आठवीकडे. मी आऊट झाले. बाईंनी दिलं."

"अगं, घरात कसली बाई?" ते हसले. सलोनी हसली नाही. हातपाय धुवायला गेली.

बाई तिच्या मागे गेल्या. मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. "सलू, हात लागला नव्हता," त्या म्हणाल्या. एवढं वाक्य बोलायला त्यांना सगळी संध्याकाळ लागली होती.

"माहितीय. चैताली म्हणाली मला." सलोनीने नळ बंद केला. "तुम्ही बघत होतात ना, बाई. अगदी जवळून."

आईला कोण 'तुम्ही' म्हणतं? भाचीला जागा देणारे प्रशिक्षक आणि आपण, फरक काय राहिला? त्यांनी परक्याच्या पोरीची जागा घेतली, आपण पोटच्या पोरीची घेतली, लोकांना दाखवायला. त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. सलोनीने तो झटकला नाही. टॉवेल घेतला आणि म्हणाली, "भात मी लावते. तुम्ही दमला असाल."

दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी स्कूटर थांबली. सलोनी उतरली, दप्तर खांद्यावर घेतलं, केसांचा रबर घट्ट केला. बाई कान देऊन थांबल्या होत्या.

"नमस्ते, बाई," सलोनी म्हणाली.

आणि सवय वाईट. सगळ्या मुलींना रोज जातं तेच उत्तर बाईंच्या तोंडून गेलं, "नमस्ते बेटा. रांगेत चला."

सलोनी शाळेकडे निघालेल्या मुलींच्या रांगेत चालू लागली.