रेडिओच्या पेल्यातला घेवडा

शाळेच्या सभागृहात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी पालकसभा म्हटली की निम्म्या घरांत नेमकं कुणीतरी आजारी पडायचं. आज मात्र आज्या, काका, मावश्या, कडेवरची पोरं, झाडून सगळे आले होते. व्यासपीठावर लांबलचक टेबल, त्यावर कागदी पेल्यांच्या रांगा आणि पेल्यापेल्यात घेवड्याचं हिरवंगार रोप. मुलांनी आठवडाभर पेल्यांशी गोड बोलून ही रोपं उगवून आणली, असं ध्वनिगुरूंचं म्हणणं होतं.

ध्वनिगुरू डॉक्टरसारखा पांढरा कोट घालून माइकसमोर उभे होते. "हा चमत्कार नाही, विज्ञान आहे. ध्वनी म्हणजे कंपन. कंपन म्हणजे ऊर्जा. ऊर्जा म्हणजे प्रेम."

या तीन वाक्यांच्या मधून एखादी हातगाडी आरामात गेली असती, पण लोक माना डोलावत होते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिसरीच्या बाईंना हसावं की रडावं ते कळेना. त्या दर वर्षी तिसरीला घेवडा पेरायला लावायच्या. बी, माती, पाणी, ऊन. दर वर्षी तो उगवायचा आणि बघायला काळं कुत्रंही यायचं नाही.

गुरूंना आणलं होतं पालक समितीच्या अध्यक्षांनी. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि मन मोठं होतं, हे खोटं नाही. गळकं छप्पर समितीने बदललं, मोडकी बाकं अध्यक्षांनी स्वतः दुरुस्त करून दिली. अशा माणसाने गुरू आणला की मुख्याध्यापक नको कसं म्हणणार?

"आणि हा पेला कुणाचा?" गुरूंनी दोन बोटांनी एक पेला उचलला. त्यात नुसती माती होती.

शेवटच्या रांगेतून तिसरीतली एक मुलगी उठली. वर्गात तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत ती बंद म्हणून व्हायची नाही. बी वाटायच्या दिवशी तिनेच विचारलं होतं, "गुरुजी, बीला कान कुठे असतात?" सगळे हसले होते. गुरूही हसले होते. मग दुसऱ्या, डाव्या खिशात हात घालून तिला त्यांनी स्वतःच्या हाताने बी दिली होती.

"बाळ, दोष तुझा नाही," गुरू आता म्हणाले. "काही वाणी मुळातच कोरडी असते. कोवळ्या जिवाला ती सोसत नाही. घरात लहान कुणी आहे?"

तिसऱ्या रांगेत रेडिओची आई बसली होती. मांडीवर नुकतंच दवाखान्यातून घरी आणलेलं अशक्त बाळ होतं. तिने ते छातीशी घट्ट धरलं. "आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग जपा. वाणीशुद्धी होईपर्यंत हिला त्याच्याजवळ बोलू देऊ नका."

ही वाणीशुद्धी गुरू स्वतःच करायचे आणि फुकट करायचे नाहीत, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओच्या तोंडाला कुलूप लागलं. बाईंनी पाढा म्हणायला सांगितला तर तिने तो पाटीवर लिहून दाखवला. मधल्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलं सोडल्यावर बाईंनी तिचा तो बोडका पेला टेबलावर उपडा केला आणि माती उकरली. आतली बी कुजली नव्हती नुसती, तिचा लगदा झाला होता. बोटाने दाबताच साल निघून आली. हा लगदा बाईंच्या ओळखीचा होता. कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त झाल्या की घेवडा असाच होतो.

त्यांनी घरी थोडा घेवडा उकडला, उन्हात खडखडीत वाळवला आणि पेरला. त्याच्याशी आठवडाभर अगदी लाडीगोडीने बोलल्या. शेजारच्या कुंडीत कच्चा घेवडा लावला आणि त्याला रोज सकाळी तोंडाला येईल ते बोलल्या. नवरा दारातून म्हणाला, "चला, माझी पाळी संपली म्हणायची." लाडाचा घेवडा मातीतच राहिला. शिव्या खाल्लेला तरारून वर आला.

रेडिओच्या वाणीशुद्धीसाठी ठरलेल्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं. बाई दोन्ही कुंड्या घेऊन थेट व्यासपीठावर गेल्या. काय केलं ते त्यांनी सांगितलं आणि मग गुरूंकडे वळल्या.

"तुमच्या डाव्या खिशातली एक बी अध्यक्षांच्या मुलाला द्या. त्याची वाणी तर शुद्ध आहे ना? उगवेलच."

गुरूंनी खिशावर हात ठेवला. "श्रद्धेची अशी परीक्षा घेत नसतात."

"त्या दिवशी तर विज्ञान म्हणाला होतात."

लोकांत खसखस पिकली. अध्यक्षांनाच राहवलं नाही. "द्या हो, एका बीने काय होतंय?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. नाइलाजाने गुरूंनी दोन्ही खिशांतल्या बिया काढल्या. बाईंनी दोन्हींतली एकेक बी ब्लेडने कापली. एक आतून पांढरी, टणक. दुसरीचा भुगा झाला. तो भुगा हातोहात पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत फिरला.

बाईंना वाटलं, आता सभागृह उसळेल. काहीही उसळलं नाही.

"शिजवलेली निघाली की," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. करमणूक झाली होती. अध्यक्ष क्षणभर ओशाळले, मग म्हणाले, "जाऊ द्या बाई. त्या निमित्ताने पोरं गोड बोलायला शिकली, हे काय थोडं झालं?" मुख्याध्यापकांनी विषय वाढवू नका अशी खूण केली. गुरूंना अध्यक्षांच्याच गाडीतून स्टेशनवर सोडलं. पुढच्या शहरातल्या शाळेत त्यांचा कार्यक्रम आधीच ठरला होता.

बाई रेडिओच्या आईजवळ गेल्या. "पाहिलंत ना? मुलीत काही नाही. बोलू द्या तिला बाळाशी."

"पाहिलं." आईने बाळाचं टोपडं सारखं केलं. "पण बाई, थोडे दिवस गप्प राहिली तर बिघडतं कुठे? हा एवढासा आहे."

पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात सगळ्यांना नव्याने घेवडा लावायला दिला. निम्म्यांनी पेल्याशी बोलायचं, निम्म्यांनी अजिबात नाही. सगळे पेले उगवले. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. रेडिओचं रोपही आलं होतं, चांगलं बोटभर. बाई तिच्या बाकाशी बसल्या.

"बघ, आलं की नाही तुझं?"

रेडिओने तोंडावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "मी एक शब्दसुद्धा बोलले नाही त्याच्याशी. म्हणून आलं."

पोरीचा तर्क चुकत नव्हता. "मग आता बोल. रोज बोल. काहीच होत नाही, ते तुझं तुलाच दिसेल."

"मेलं तर?"

"मेलं तर दुसरं लावू."

रेडिओने मान वळवून पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं. "बाळ दुसरं लावता येतं का?"

बाईंनी खूप समजावलं. शिजवलेली बी उगवत नाही, कुणी काहीही बोललं तरी उगवत नाही, कच्ची उगवते, एवढंच खरं आहे. रेडिओने सगळं नीट ऐकून घेतलं. तिला ते कळलंही. पण बोलायचं तिने मनावर घेतलं नाही.

शिजवलेली बी उगवत नाही. हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, आणि त्या सभागृहात प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बसलेलं होतं. कुणी पहिल्याच दिवशी उठून त्या पेल्यात बोट घातलं असतं तर पुरलं असतं. तेव्हा कुणी मूल उभं करून त्याच्यात दोष दाखवायला लागलं, की टाळ्या नंतर वाजवा, आधी माती उकरून बघा. नंतर उकरली तर बी सापडते, मूल सापडेलच असं नाही.

शाळा सुटल्यावर बाई फाटकाशी उभ्या होत्या. रेडिओची आई बाळाला घेऊन आली होती. बाळ रडत होतं आणि आई त्याला थोपटत होती. रेडिओ तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून, ओठ घट्ट मिटून चालत गेली. पेला तिने वर्गातच ठेवला होता.