सतरा क्रमांक

सतरा क्रमांकाची फाइल संशोधकाने चौथ्यांदा मागे नेली आणि हेडफोन दोन्ही तळहातांनी कानांवर दाबून धरले. शब्द ऐकू येणार नव्हतेच. माणसाच्या आवाजावरून त्याची मनःस्थिती यंत्राला ओळखता यावी, म्हणून पन्नास जणींनी आपापल्या फोनमध्ये एक रेकॉर्डर बसवून घेतला होता. तो फक्त त्यांचीच बाजू टिपायचा आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत शब्द पुसून नुसते चढउतार ठेवायचा. बंद दाराआडून कोणी बोलावं तसा घुमारा. नावांच्या जागी आकडे.

पण आठ वर्षं एका छताखाली काढल्यावर बायको ओळखायला शब्द कशाला लागतात? स्वयंसेवक म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाच पकडलं होतं. सतरा म्हणजे ती. ओळख पटली की फाइल दुसऱ्याच्या हवाली करायची, असा नियम होता. नियम त्यानेच लिहिला होता.

पलीकडे कोण, हे यंत्र सांगत नसे. समोरच्या नंबराला एक अक्षर देऊन मोकळं होई. ‘अ’ म्हणजे त्याच्या सासूबाई : रोज सकाळी, पाऊण तास, मध्ये एक भांडण. ‘ब’ म्हणजे तो स्वतः : संध्याकाळी सातला, घरी निघताना मोबाइलवरून, दीड मिनिट. तिचा आवाज इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. आणि मग ‘क’.

‘क’ दर गुरुवारी चारला. गुरुवारी तिची अर्धी सुट्टी असते. म्हणजे पाणी इथेच मुरत होतं. पहिल्या गुरुवारी तिचा आवाज असा काही चढला होता की आलेखाला वर जागा पुरली नव्हती. वाक्याच्या टोकाशी हसू. मध्ये मध्ये जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या मोकळ्या जागा. म्हणजे तो गृहस्थ मध्ये तोंड घालत नव्हता, शहाणपणा शिकवत नव्हता. नुसता हुंकार देत ऐकून घेत होता. वीस-वीस मिनिटं! देखणा असता तर संशोधकाने एक वेळ पचवलंही असतं. ऐकून घेणारा पुरुष म्हणजे जरा जास्तच झालं.

त्या आठवड्यात त्यानेही घरी प्रयत्न करून पाहिला.

“असा काय बघतोयस?” बायकोने विचारलं.

“ऐकतोय.”

“मी काही बोलतच नाहीये.”

जळत्या जिवाला थोडा थंडावा देणारी एकच गोष्ट होती. दुसऱ्या गुरुवारी ‘क’ची उंची जरा उतरली. तिसऱ्या गुरुवारी आणखी. पाचव्याला हसू गेलं, सहावा फोन तीन मिनिटांत आटोपला, आणि त्यानंतर ‘क’ नाहीच. बिनसलं म्हणायचं! देव देतो आणि कर्म नेतं. त्या अनोळखी माणसाची फजिती बघून संशोधकाला आतून गुदगुल्या झाल्या.

“चार वाजले,” कोपऱ्यात माइक पुसत बसलेल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. “गुरुवार अगदी सुना सुना वाटतो हो सर, हल्ली.”

“का बरं?”

“वहिनींचा फोन येत नाही ना.” त्यांनी त्याच्या टेबलावरच्या लँडलाइनकडे मान उडवली. आत मोबाइल आणायला बंदी होती; घरच्यांना तोच नंबर दिलेला. “तुम्ही रिसीव्हर खांद्यात धरून टाइप करत असायचात. हं, हं, हं. आम्ही मोजायचो. एकदा एकेचाळीस झाले.”

“मी?”

“नाहीतर काय मी?”

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग उचलून पुन्हा ठेवले, सरळ. पडद्यावर ‘क’चे सहा आलेख जिन्यासारखे खाली उतरत होते. पहिल्याची तारीख त्याने पाहिली. त्या दिवशी अहवाल पाठवायचा होता. त्यातला चौथा तक्ता त्याला अजून पाठ होता.

त्याने लँडलाइनवरून तिचा नंबर फिरवला.

“काय झालं? बरा आहेस ना?” ती घाबरली होती.

“काही नाही. सहज केला.”

“सहज?”

“तू गुरुवारी फोन करायचीस बघ. काय सांगत होतीस गं?”

बाईंनी माइक पुसायचं थांबवलं होतं.

“सांगत नव्हते, विचारत होते,” ती म्हणाली. “ती बाहेरगावची नोकरी घेऊ का म्हणून. तिकडे राहायला जावं लागेल, चालेल का म्हणून.”

“मग?”

“मग काय? मागच्या आठवड्यात त्यांना नाही म्हणून कळवून टाकलं.”